गावगौरव : वाचनालयाच्या कामाच्या नोंदी

(नोंदी ठेवणारी : ग्रंथपाल, गावचं सार्वजनिक वाचनालय, ता. कऱ्हाड, जि. सातारा)

१३ नोव्हेंबर २०२२, रविवार

वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक, हजर सात. विषय एकच, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावातल्या माणसांचा सत्कार. झेंडावंदनानंतर तो दरवर्षी होतोच. दहावी-बारावीत पहिल्या आलेल्या मुलांना वह्या, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, की झालं. यंदा वाचनालयानं जबाबदारी घ्यावी असं सरपंचताईंनी सुचवलं. मी हो म्हटलं आणि एक अट घातली. ज्याचा सत्कार करायचा त्यानं नेमकं काय केलं हे आधी विचारून, पडताळून लिहून काढायचं. 'आपल्या बहुमोल कार्याने गावाचे नाव उज्ज्वल केले' हे वाक्य यंदा कुठल्याही मानपत्रात येणार नाही.

गेल्या वर्षीची तीन मानपत्रं मी बैठकीत वाचून दाखवली. नावं झाकली की कुठलं कुणाचं ते कुणालाच ओळखता येईना. अध्यक्ष आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्याला दिलं त्याच्या घरात ते भिंतीवर टांगलंय. नातवानं विचारलं आज्यानं काय केलं, तर त्यातनं काय कळणार?" आबांनीच ठराव मांडला.

आणखी दोन गोष्टी ठरल्या. सत्कारमूर्तीच्या घरून वर्गणी घ्यायची नाही. आणि शाल कुणाच्या हातून द्यायची हे त्या कामाशी कुणाचा संबंध आहे ते बघून ठरवायचं.

२० नोव्हेंबर, रविवार

गावानं याआधी कुणाकुणाचा मान कसा ठेवलाय ते बघायला सकाळी गावातून चक्कर मारली. सोबत नववीतली दोन मुलं.

मारुतीच्या देवळामागे वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड आहे. शेंदूर आणि तेलाची पुटं चढून तो इतका जाड झालाय की लहानपणापासून मी त्याला देवच समजत होते. कडेकडेनं ओलं फडकं फिरवल्यावर कोरीव काम दिसलं. सगळ्यात खालच्या चौकटीत माणूस आडवा पडलेला आणि त्याच्यापाशी गाई. त्यावर ढाल-तलवारीची लढाई. त्यावर दोन अप्सरा त्याला उचलून नेताहेत. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे गावची गुरं पळवायला कुणी आलं, हा आडवा गेला, मेला, आणि चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याची आठवण राहो. मुलांना मी एवढंच सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "ताई, नाव कुठंय?" नाव नाही. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. कुणी केलं ते गेलं, काय केलं ते मात्र दगडानं सातआठशे वर्षं धरून ठेवलंय.

तिथून चावडीवर गेलो. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून २३ माणसं गेली, त्यातल्या ४ जणांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. अशा एकाच साच्यातल्या पाट्या साताऱ्यात आणि कोकणात गावोगाव आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला. आमच्या पाटीवर आकडा आहे, नाव एकही नाही.

यादीत हे काम घातलं. चार नावं शोधायची. घरोघर विचारायचं.

२६ नोव्हेंबर, शनिवार

वाचनालयात सायंकाळी मुलांना तुकाराम ओंबळे यांच्याबद्दल सांगितलं. ते जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी अतिरेक्याची बंदूक धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून तो जिवंत हाती लागला. २६ जानेवारी २००९ ला मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं. मुलांना सगळ्यात आवडलं ते वेगळंच. २०२१ मध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली, तिला संशोधकांनी त्यांच्या नावावरून 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं. एक मुलगी म्हणाली, म्हणजे आता कोळ्यांची पिल्लंही त्यांचं नाव लावणार.

४ डिसेंबर, रविवार

मळीच्या वस्तीवर गेले होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ज्या दोघा भावांनी काहिलीतून माणसं काढली त्यांच्याकडे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी लिहिते. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची लोखंडी पत्र्याची अवाढव्य परात. सपाट बुडाची, काठाला धरायला कड्या. आमच्याकडे नदी पार करायला जुनी माणसं ती वापरायचीच. पण पुराच्या ओढीत काहील सरळ चालत नाही, जागच्या जागी भिरभिरते. वल्हं असून उपयोग नसतो. म्हणून एकानं पुढं कडीला दोर बांधून पोहायचं आणि दुसऱ्यानं मागून छातीनं ढकलायचं. दोघांनी तेच केलं. सकाळी साडेआठपासून अंधार पडेतो.

मी वही काढली तसे थोरले म्हणाले, "आधी एक लिवा. काईल आमची नव्हं. गुऱ्हाळवाल्या अण्णांची. त्यास्नी इचारायला बी येळ नव्हता, मध्यान्हीला कळलं त्यास्नी. तर म्हनले, दुसरी बी न्या." ती पहिली काहील विजेच्या खांबावर आदळून चेपली. हंगाम दोन-तीन महिन्यांवर आलेला, तरी अण्णांनी पैसे मागितले नाहीत. हे गेली तीन वर्षं मला माहीतच नव्हतं. मी तर गावातच राहते.

धाकटे फारसं बोलले नाहीत. मी विचारलं, भीती वाटली का? म्हणाले, "पान्याची न्हाई. म्हातारी मानसं उभी ऱ्हात्यात काईलीत, त्येची वाटली. बसा म्हनलं तरी ऐकत न्हाईत." त्यांच्या डाव्या खांद्यावर दोराचा वळ अजून आहे. मी मागितलं नव्हतं, त्यांच्या बायकोनं सदऱ्याची कॉलर सरकवून दाखवला. ते तिच्यावर चिडले.

किती माणसं काढली? गावात कुणी साठ म्हणतं, कुणी शंभर. भावांना ठाऊक नाही. पुढच्या खेपेला वस्तीवर घर धरून मोजायचं.

७ डिसेंबर, बुधवार

जीवन रक्षा पदकाची माहिती वाचली. १९६१ पासून केंद्र सरकार दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांना देतं. तीन प्रकार आहेत : सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक. शिफारस राज्य सरकारामार्फत जाते. आणि घटना गेल्या दोन वर्षांतली असावी लागते.

२०१९ ची घटना, आज २०२२ संपत आलंय. कुणी नाकारलं नाही, कुठं अर्ज अडकला नाही. अर्ज करायचा हेच आम्हा कुणाला सुचलं नाही. आज दिवसभर हे मनातून गेलं नाही. थोरल्या भावांना सांगितलं तर त्यांनी विषय बदलला आणि यंदा ऊसतोडीच्या टोळ्या उशिरा आल्याचं बोलत राहिले.

नोंदवहीच्या पहिल्याच पानावर नियम लिहिला. अशी घटना घडली की महिन्याच्या आत वाचनालयानं साक्षी लिहून घ्यायच्या आणि कागद तहसीलला द्यायचे.

११ डिसेंबर, रविवार

आज कोयनेच्या भूकंपाला ५५ वर्षं झाली. ठरवून आले नव्हते, पण सुईण आजींकडे आजच जायचं जमलं आणि त्यांनी बोलायला सुरुवात तिथूनच केली.

१९६७ ची ती पहाट. सगळं गाव घराबाहेर पळालं आणि त्याच वेळी एका बाईला कळा सुरू झाल्या. घरात जायची कुणाची छाती होईना. तेव्हा आजी सासूच्या हाताखाली शिकत होत्या. अंगणात चारी बाजूंनी लुगडी धरली, मधे शेकोटी केली आणि बाळंतपण तिथंच उरकलं. "भुई हालायची तशी बया म्हनायची, आता गं काय. म्या म्हनलं तू तुजं बघ, भुईचं भुई बघंल." त्या वेळी झालेला मुलगा आज आमच्या विकास सोसायटीत सचिव आहे.

पुढे सरकारनं गावोगावच्या सुईणींना दाईचं प्रशिक्षण दिलं तेव्हा त्यांना ॲल्युमिनियमची पेटी मिळाली. ती अजून फडताळात आहे. झाकणाला पोचा पडलाय, आत कात्री, नखं घासायचा ब्रश, साबणाची वाळून चिरलेली वडी. कात्रीला त्यांनी खोबरेल लावून ठेवलंय. पंधरा वर्षं ती कुणाच्या नाळेला लागलेली नाही, आता सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात, आणि ते चांगलंच आहे असं त्या स्वतः दोनदा म्हणाल्या. अडलेली बाई बैलगाडीतून कऱ्हाडला नेताना वाटेत गेली, अशा दोघींची नावं त्यांनी घेतली. झालेल्या बाळंतपणांचा आकडा त्यांना ठाऊक नाही, गेलेल्या दोघींची नावं मात्र तोंडपाठ.

मानपत्राचं बोलले तर म्हणाल्या, "नाव कशाला लिवतीस, बाय? म्या नाळ कापायची. वाढवलं त्येंच्या आयांनी." मी तेच वाक्य वहीत उतरवलं आणि मानपत्रात घालू का म्हणून विचारलं. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, घाल.

१४ डिसेंबर, बुधवार

महावितरणच्या आमच्या जनमित्रांशी, म्हणजे लाइनमनशी, बोलणं झालं. जुलै २०२१ च्या पुरात पाणी ओसरायच्या आत पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची लाइन त्यांनी चालू केली, म्हणून गावाला प्यायला पाणी मिळालं. त्यांच्या मते हे त्यांचं कामच. मानपत्रात चार ओळी पुरतील, पण त्या चारही खऱ्या असतील.

१८ डिसेंबर, रविवार

सकाळी वस्तीवर घरांची मोजदाद केली. प्रत्येक घरी विचारलं, त्या दिवशी कोण कोण काहिलीत बसलं. एकूण ३६ माणसं, ५ शेळ्या आणि एक शिलाई मशीन. मशीनवालीनं ते न्यायचा हट्ट धरला आणि भावांनी वेगळी खेप केली. त्या मशीनवर तिनं पुढचं वर्ष काढलं. हेही मानपत्रात येणार.

दुपारी टेम्पोवाल्या दादांकडे. एप्रिल-मे २०२१ मध्ये कोरोनामुळे कुणी जवळ जाईना तेव्हा त्यांनी आपल्या टेम्पोतून आजाऱ्यांना कऱ्हाडला नेलं आणि गेलेल्यांना स्मशानात. यादीत त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून होतं, सगळ्यांनी एकमुखानं घेतलेलं. ते नाही म्हणाले. रागानं नाही, अगदी शांतपणे. "ताई, ज्यांच्या घरची माणसं मी नेली ती समोर बसणार. त्यांच्यापुढं मी गळ्यात हार घालून उभा राहू? त्यांना तो दिवस परत दिसेल." मी म्हटलं, निदान नोंदवहीत लिहू द्या. तेही नको म्हणाले. "ज्यांना म्हाईत हाय त्यांना म्हाईत हाय."

यादीतून नाव काढलं. बैठकीत कुणी आग्रह धरला तर मी या उत्तरापुढं जाऊ देणार नाही.

२५ डिसेंबर, रविवार

आजची नोंद लांबणार.

चार नावांसाठी गेले महिनाभर घरोघर विचारते आहे. बहुतेक घरांतून, आमच्यातला कुणी तरी गेला होता म्हणतात, एवढंच. एका घरी पदकं होती, पण चांदीची म्हणून मोडून पाटल्या केल्या. आज वरच्या आळीत एका घरी चहा घेत बसले होते. घरच्या काकूंनी लोणच्याच्या बरणीवरचं झाकण काढून ओट्यावर ठेवलं. काळपट, जड, तळहातापेक्षा मोठी गोल चकती. ठेवताना जो आवाज झाला त्यानं मी मान वर केली.

चिंच आणि मीठ लावून काकूंनी आणि मी ती घासली. पितळेसारखा पण जरा लालसर रंग वर आला. ब्रिटानियाची उभी आकृती, पुढं सिंह, दोन्ही बाजूंना डॉल्फिन, आणि कडेनं इंग्रजी अक्षरं. त्याचा अर्थ, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. उजवीकडे आयताकृती चौकट आणि त्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत एक नाव. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशी कांस्याची चकती पाठवली होती. तिच्यावर हुद्दा मुद्दामच लिहिलेला नसे, शिपाई आणि सेनापती दोघांची चकती सारखीच. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी हा प्रश्न माझ्या मनात आला आणि तो मी तिथं बोलून दाखवला नाही. काकू त्या नावावरून बोट फिरवत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर ते त्यांच्या आजेसासऱ्यांच्या थोरल्या भावाचं निघालं. घरात त्यांचं नाव घेत, पण ते 'लांब कुठं तरी गेले' एवढंच माहीत होतं. चाळीस वर्षं काकू रोज हे झाकण उघडझाप करत होत्या.

संध्याकाळी वाचनालयाच्या संगणकावर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत शोधलं. त्या नावाचे बरेच निघाले. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तो एकच. ११० वी मराठा पलटण, १९१६, बसरा स्मारक. ही पलटण इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, अन्न संपेपर्यंत. वेढ्यातच गेले की शरणागतीनंतरच्या कैदेत, ते नोंदीत नाही.

आणि बसऱ्याचं स्मारक. तिथं हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांची कोरली नाहीत. पलटणीपुढं नुसता आकडा. आयोगानं एप्रिल २०२१ च्या अहवालात ही वागणूक चुकीची होती असं स्वतः कबूल करून माफी मागितली. म्हणजे बसऱ्याला आकडा आणि इथं चावडीवरही आकडा. जगात या माणसाचं नाव धातूवर असं एकाच ठिकाणी होतं, आणि ते आमच्या वरच्या आळीत लोणच्याच्या बरणीवर.

घरच्यांनी सांगितलंय की नाव आधी दगडावर येऊ दे, मग कुठंही लिही. म्हणून इथं लिहीत नाही.

३ जानेवारी २०२३, मंगळवार

सावित्रीबाईंची जयंती. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं. शाळेतल्या कार्यक्रमानंतर तिथंच महिलांची बैठक घेतली.

प्रश्न आजींच्या ओटीचा होता. सत्काराला बाईची ओटी भरतात, हळदीकुंकू लावतात. आजींचे मालक जाऊन तीस वर्षं झाली. दोघी-तिघी वयस्कर बायका म्हणाल्या, शाल द्या, ओटी नको, उगाच त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. मग हेरवाडचा विषय निघाला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं गेल्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्यानंतर राज्य सरकारनंही तोच कित्ता गिरवायला परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं. सरपंचताई म्हणाल्या, ज्या हातानं गावातल्या निम्म्या लेकरांची नाळ कापली, तिची ओटी भरायची नाही तर कुणाची भरायची? ओटी भरायचं ठरलं. मी एवढंच म्हटलं की आधी आजींना विचारू.

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत. फोनवर गूगल उघडलं तर खाशाबा जाधवांचं चित्र. त्यांचा ९७ वा वाढदिवस. आमची कुस्तीतली मुलगी (१६ वर्षांची, ५० किलो, विभागीय शालेय स्पर्धेत पहिली) आणि तिचे वस्ताद यांना घेऊन गोळेश्वरला गेले. कऱ्हाडला लागूनच आहे, तरी ती पहिल्यांदाच आली.

तिला तिथं उभं करून सगळं सांगितलं. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक, आणि दुसरं यायला १९९६ उजाडलं. जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेऊन ते पैसे फेडले. पोलिसात नोकरी केली, १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० मध्ये, मरणोत्तर. पद्म नाहीच.

बैलगाड्या मात्र त्याच वर्षी आल्या होत्या. दिल्लीला ४८ वर्षं लागली ते या गावाला काही दिवसांत जमलं. मला या कामात पुन्हा पुन्हा हेच आठवतं, कारण आमचे काहीलवाले भाऊ पदकाच्या मुदतीबाहेर गेले तरी गावाच्या मुदतीत अजून आहेत.

मुलीनं एकच विचारलं, "त्यांनी घर सोडवलं का?" वस्ताद म्हणाले, "सोडवलं म्हनून तर तुला सांगतोय."

१९ जानेवारी, गुरुवार

मानपत्रांची छपाई बिघडली. मी मजकूर युनिकोडमध्ये पाठवला होता. डीटीपीवाल्यांनी तो जुन्या फाँटात बदलला आणि सगळे 'ऱ्ह' मोडले. 'कऱ्हाड'चं 'कर्हाड', 'गुऱ्हाळ'चं 'गुर्हाळ'. रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसलेला. दुकानातला मुलगा म्हणाला, ताई, एवढं कुणी बघत नाही. मी म्हटलं, अण्णा बघतील. त्यांनी आयुष्यभर तो शब्द आपल्या दारावरच्या पाटीवर रंगवलाय. पुन्हा छापायचा खर्च वाचनालयानं सोसला. भावांचं मानपत्र असं झालं :

'दि. ७ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या पुरात मळीची वस्ती वेढली असता आपण दोघा भावांनी सकाळी साडेआठ ते सायंकाळी अंधार पडेपर्यंत गुळाच्या काहिलीतून ३६ माणसे व ५ शेळ्या बाहेर काढल्या. धाकट्या भावाने दोर खांद्याला बांधून पुढे पोहत काहील ओढली, थोरल्याने मागून ढकलली. एका भगिनीचे शिलाई मशीन वेगळ्या खेपेने आणले, त्यावर तिचा संसार चालला. काहील गुऱ्हाळमालक अण्णांची होती. ती चेपली, त्याची भरपाई त्यांनी घेतली नाही. हे गावाने पाहिले आहे व येथे लिहून ठेवले आहे.'

२३ जानेवारी, सोमवार

शाली ८, नारळ १०, फ्रेम ४ (मानपत्रं चार : दोघा भावांना मिळून एक, आजी, जनमित्र, कुस्तीची मुलगी). फेटे बांधायला वरच्या आळीतले दादा येणार, पैसे घेणार नाहीत. एका पक्षाच्या माणसांनी फ्लेक्स फुकट करून देतो, पण वर नेत्याचा फोटो हवा असं सांगितलं. नको म्हटलं. फ्लेक्स नाहीच, शाळेच्या फळ्यावर मुलं रंगीत खडूनं लिहितील.

आजींना ओटीचं विचारलं. "ओटी घेईन. कुक्कू नको." का, ते विचारलं नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदन ७.१५, ग्रामसभा ९ वाजता शाळेच्या मैदानात. वसंत पंचमी असल्यानं आधी सरस्वतीपूजन झालं.

मानपत्रं नववीच्या मुलांनी वाचली. भावांना शाल दिली ती वस्तीवरच्या सगळ्यात थोरल्या आजोबांनी, जे त्या दिवशी काहिलीत बसायला तयार नव्हते. वाचन चालू असताना '३६ माणसे' म्हटल्याबरोबर बायकांच्या बाजूनं एक जण उठून उभी राहिली. "सदतीस. ह्यो माझ्या पोटात हुता." कडेवरचा तीन वर्षांचा मुलगा तिनं वर उचलून दाखवला. सगळं मैदान वळून बघत होतं. मी धावत जाऊन पेन दिलं आणि थोरल्या भावांना विचारलं, नव्यानं छापून देऊ का? ते म्हणाले, खोडूनच राहू दे. सरपंचताईंनी ३६ वर रेघ मारली, ३७ लिहिलं आणि बाजूला सही केली.

अण्णांचं नाव वाचलं तेव्हा ते मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे होते. पुढं या म्हटलं तरी आले नाहीत, तिथूनच हात जोडले. शाल मागं नेऊन दिली.

आजींची ओटी सरपंचताईंनी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. कुंकवाचा करंडा ताटात ठेवलाच नव्हता. ओटी पदरात घेतल्यावर आजींनी त्यातले चार तांदूळ काढून सरपंचताईंच्या ओंजळीत परत टाकले. मग सरपंचताईंनी माइकवर विधवा प्रथाबंदीचा ठराव वाचायला घेतला. सूचक सुईण आजी. हे आधी ठरलेलं नव्हतं, आजींनी खुर्चीत बसल्या बसल्या हात वर केला होता. ठराव आवाजी मतानं मंजूर झाला. दोघांनी विरोध नोंदवला, तोही इतिवृत्तात आहे.

टेम्पोवाले दादा आले होते. मांडवाच्या बाहेर गाडीपाशी उभे होते. त्यांचं नाव कुणीही घेतलं नाही. कार्यक्रम संपल्यावर वरच्या आळीतली एक बाई त्यांच्यापाशी गेली आणि पाण्याची बाटली देऊन आली. मी लांबून बघितलं.

२९ जानेवारी, रविवार

राहिलेली तीन नावं. दुसरं जवळजवळ नक्की झालंय, जुन्या फेरफाराच्या उताऱ्यावर 'लढाईत मयत' असा शेरा सापडला. बाकी दोन अजून नाहीत. ज्या घरांवर संशय आहे त्यांतली एक शाखा मुंबईला लालबागला गेलेली, त्यांचा पत्ता काढायला सांगितलाय.

५ फेब्रुवारी, रविवार

कऱ्हाडच्या पाथरवटांकडे जाऊन आले. चावडीच्या जुन्या पाटीला हात लावायचा नाही, तिच्या खाली नवी काळ्या दगडाची पट्टी बसवायची. चार ओळी मावतील एवढी. एक नाव, पलटण आणि वर्ष आज कोरायला दिलं, दुसरं कागदाची साक्षांकित प्रत आल्यावर. पाथरवट म्हणाले, दोनच नावं असतील तर पट्टी लहान घ्या, पैसे वाचतील. मी चार ओळींचीच सांगितली. खालच्या दोन ओळींच्या जागी नुसत्या रेघा मारून ठेवा म्हटलं, म्हणजे पुढं अक्षरं वाकडी जायची नाहीत.

काकूंना नाव कागदावर मराठीत लिहून दिलं होतं. त्यांनी ते तीन-चार वेळा गिरवलं आणि विचारलं, "आता झाकणाला काय करू?" चकती वाचनालयात ठेवायची का, मी विचारलं. नको म्हणाल्या, देवघरात ठेवते. बरणीसाठी बाजारातून स्टीलचं झाकण आणलंय.

गवंडी मंगळवारी सकाळी आठला चावडीवर येतोय. सिमेंट ग्रामपंचायतीचं, वाळू आबा देणार.